५० इलेक्ट्रिक बस आणि नवा डेपो: अनुदानाचा प्रस्ताव परत येऊ नये म्हणून काय काय लागतं?

डेपो_नियोजन (प्रश्न)

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात नियोजनाचं काम पाहते. ९ मीटरच्या ५० इलेक्ट्रिक बस, त्यांच्यासाठी साधारण दोन एकरांवर नवा डेपो आणि मार्गांवर ४० बसथांब्यांचे निवारे, असा एकत्रित प्रस्ताव तयार करायला सांगितलंय. भूखंड विकास आराखड्यात डेपोसाठी आरक्षित आहे, पण तिथे उच्चदाब वीज नाही. सल्लागाराने १८० पानांचा प्रकल्प अहवाल दिलाय. तो नगर विकास विभागाकडून त्रुटींच्या यादीसह परत आला.

विचारायचं असं:
१. हे सगळं एकाच योजनेत बसतं का? नसेल तर काय कुठे मागायचं?
२. पालिकेचा स्वहिस्सा कसा दाखवायचा? परिवहनचं अंदाजपत्रक वेगळं, पालिकेचं वेगळं.
३. वीज जोडणीचा खर्च अनुदानात धरता येतो का?
४. प्रस्ताव बहुतेक कशावर अडतात?

कृपया नुसतं «मार्गदर्शक सूचना वाचा» असं लिहू नका. त्या वाचल्या आहेत. त्यातली वाक्यं कागदावर कशी उतरवायची ते हवंय.

---

किमी_दर

ताई, पहिली चूक प्रस्ताव एकत्रित केला इथेच झाली. बस, डेपो, वीज आणि निवारे यांचे पैसे वेगवेगळ्या खिशांतून येतात. चारही एका अहवालात बांधले की छाननी करणाऱ्याला काही भागांवर «योजनेबाहेर» असा शेरा मारावा लागतो आणि उरलेलेही त्यांच्याबरोबर परत येतात.

बसपासून सुरू करू. पीएम ई-बस सेवा या शहर बससाठीच्या केंद्रीय योजनेला मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२३ ला मान्यता दिली. एकूण १०,००० बस, केंद्राचे २०,००० कोटी, आणि शहर २०११ च्या जनगणनेनुसार ३ लाखांवर व ४० लाखांच्या आत हवं. ठाण्याची तेव्हाची लोकसंख्या १८.४ लाख, नवी मुंबईची ११.२ लाख, म्हणजे दोन्ही बसतात. पण या योजनेत बस विकत घ्यायला पैसे मिळत नाहीत. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, आणि आपण त्याला किलोमीटरमागे दर देतो. त्या दरात केंद्र भर घालतं: १२ मीटरला किमीमागे २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०, आणि तेही १० वर्षं. त्यामुळे तुमच्या अहवालात «५० बसची किंमत इतके कोटी, त्याच्या ४० टक्के अनुदान» असं कुठे लिहिलं असेल तर ते फेम-२ या इलेक्ट्रिक वाहनांच्या जुन्या केंद्रीय योजनेतून उचललेलं आहे. ४० टक्क्यांची मर्यादा आणि ९ मीटरला ४५ लाखांची कमाल तिथली होती. ते पान काढून टाका.

पीएम ई-ड्राइव्ह या दुसऱ्या केंद्रीय योजनेच्या मागेही वेळ घालवू नका. त्यातल्या बस ४० लाखांवर लोकसंख्येच्या नऊ शहरांसाठी आहेत. मुंबई त्यात आहे. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिका म्हणून त्यात नाही.

शहराला मंजूर झालेली बससंख्या ठरलेली असते आणि निविदा केंद्राच्या पातळीवर एकत्र निघते. तुमच्या ५० बस त्या मंजूर संख्येतल्याच असतील तर बसचा प्रस्ताव नव्याने करायचाच नाही, डेपो आणि विजेचा करायचा. त्या संख्येबाहेरच्या असतील तर पैसा राज्याचा किंवा पालिकेचा, आणि मग अहवालाची मांडणीच बदलते. हे आधी नक्की करा आणि पहिल्याच परिच्छेदात मंजुरीपत्राच्या क्रमांक-दिनांकासह लिहा.

डेपोच्या स्थापत्य कामाला त्याच योजनेत आपल्यासारख्या राज्यात केंद्राचे ६० टक्के मिळतात, बाकीचे राज्य व पालिकेने उभे करायचे. मीटरच्या आतल्या बाजूच्या वीज व्यवस्थेला १०० टक्के. म्हणून डेपोचं अंदाजपत्रक आणि विजेचं अंदाजपत्रक हे दोन स्वतंत्र गोषवारे (खर्चाचे सारांश तक्ते) हवेत. एकत्र केलेत की १०० टक्क्यांतला खर्चही ६० टक्क्यांत मोजला जातो आणि नुकसान तुमचंच.

आता ज्या तक्त्यावर सगळं ठरतं आणि जो १८० पानांत बहुधा नसतो, तो देतो. आकडे समजा म्हणून घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

५० बस × रोज २०० किमी × ३६५ = वर्षाला ३६.५ लाख किमी.
ठेकेदाराचा दर किमीमागे ६० रुपये धरला तर देणं २१.९० कोटी.
केंद्राचे २२ रुपये दराने ८.०३ कोटी. उरले १३.८७ कोटी.
तिकिटाचं किमीमागचं उत्पन्न, म्हणजे ईपीके, ३५ रुपये धरलं तर १२.७८ कोटी. तूट १.०९ कोटी.

इथे बरेच जण थांबतात आणि «प्रकल्प जवळपास स्वावलंबी» असं लिहून टाकतात. वाहक आपला असतो, तो या हिशोबात नाहीच. दोन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, रजा धरून बसमागे २.४ वाहक, म्हणजे १२०. महिन्याला ३०,००० रुपये धरले तर वर्षाला ४.३२ कोटी. खरी तूट ५.४१ कोटी. आणि कंत्राटाची मुदत केंद्राच्या १० वर्षांपेक्षा जास्त असेल तर शेवटच्या वर्षांत ते ८.०३ कोटीही आपल्याच अंगावर येतात: १३.४४ कोटी, तेही दरवाढ न धरता. ईपीके काढताना ज्येष्ठ, महिला, विद्यार्थी यांच्या सवलती वजा करूनच काढा. तिकीट मशीनमधला मार्गनिहाय डेटा घ्या, सगळ्या उपक्रमाची सरासरी घेऊ नका. वातानुकूलित लांब मार्गांचा ईपीके स्टेशनपर्यंत नेणाऱ्या छोट्या फीडर मार्गाला लावला की छाननीत लगेच दिसतं.

२०० किमीबद्दलही थोडं बोलायला हवं. दोन पाळ्यांच्या मिळून १६ तासांत थांबे, टर्मिनसवरचा वेळ, पाळीबदल वजा जाता साडेतेरा तास बस खरोखर रस्त्यावर असते. ताशी १५ किमी सरासरी मिळाली तर २०२ किमी होतात. घोडबंदर रोडसारख्या मार्गावर गर्दीच्या वेळी वेग १२ वर आला की १६२. रोज ३८ किमी कमी × ५० बस × ३६५ = ६.९ लाख किमी. कंत्राटात हमी किमी (बस किमान इतकी धावेल असं कबूल केलेलं अंतर) असतात आणि न धावलेल्या किमीचेही ठरलेल्या दराने पैसे द्यावे लागतात. तो दर निम्मा धरला तरी वर्षाला दोन कोटींच्या वर जातात आणि रस्त्यावर बस दिसत नाही. म्हणून मार्ग निवडताना प्रत्यक्षातला वेग जीपीएसवरून काढा, गर्दीच्या आणि बिनगर्दीच्या दोन्ही वेळांचा. डेड किलोमीटर, म्हणजे प्रवाशांशिवाय धावलेलं अंतर, वेगळे दाखवा. डेपो एका टोकाला आणि पहिली फेरी दुसऱ्या टोकाहून, असं असेल तर बसमागे रोजचे १५-२० किमी रिकामेच जातात, आणि त्याचेही पैसे किमीनेच द्यायचे असतात.

---

जमाखर्च

वरच्या उत्तरात बसचा भाग नीट आलाय. मी स्वहिस्सा आणि मान्यता यांवर लिहितो, कारण त्रुटींची यादी बहुतेक तिथूनच निघते.

परिवहन उपक्रमाचं अंदाजपत्रक वेगळं असतं. परिवहन समिती, मग स्थायी समिती, मग महासभा असा त्याचा प्रवास. पालिका त्यात वार्षिक अनुदान टाकते. आता स्वहिस्सा दाखवताना होतं काय, की प्रस्तावात «पालिकेचा हिस्सा ४ कोटी» असं लिहिलेलं असतं, पालिकेच्या अंदाजपत्रकात त्या नावाचं लेखाशीर्ष (खर्चाचा ठरलेला रकाना) नसतं, आणि परिवहनला दिलेलं अनुदान तर पगार व इंधनाला गेलेलं असतं. छाननी करणारा एकच प्रश्न विचारतो: हे ४ कोटी कोणत्या लेखाशीर्षाखाली, कोणत्या वर्षी, किती तरतूद? तोंडी उत्तर चालत नाही.

काय करायचं: पालिकेच्या भांडवली खर्चात «परिवहन उपक्रमास भांडवली अनुदान – डेपो, केंद्र पुरस्कृत योजना» असं वेगळं शीर्ष उघडून घ्या आणि परिवहनच्या भांडवली जमेच्या बाजूला तेवढीच रक्कम त्याच नावाने दाखवा. दोन्ही पुस्तकांतली रक्कम रुपयापर्यंत जुळली पाहिजे. दोन्ही पानांच्या साक्षांकित प्रती प्रस्तावाला जोडा. दोन वर्षांत काम विभागलेलं असेल तर दुसऱ्या वर्षाच्या तरतुदीचं हमीपत्र, मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याच्या सहीचं.

स्वहिस्सा ४० टक्केच असतो असं धरू नका. टक्केवारी ग्राह्य, म्हणजे योजनेत मान्य होणाऱ्या, खर्चावर लागते, पूर्ण खर्चावर नव्हे. डेपोचा गोषवारा १० कोटींचा आणि त्यात आकस्मिक खर्च, सल्लागार शुल्क वगैरे मिळून ६० लाख अग्राह्य निघाले, तर केंद्राचे ६० टक्के ९.४० कोटींवर, म्हणजे ५.६४ कोटी. तुमच्याकडे ४.३६ कोटी राहिले. मग निविदा ८ टक्के जादा दराने आली की आणखी ८० लाख, कारण मंजुरीनंतरची वाढ अनुदानात येत नाही. म्हणजे ४ कोटींचे ५.१६ झाले. महासभेचा ठराव ४ कोटींचा घेतलेला असेल तर पुन्हा महासभेकडे जा, पुन्हा दोन-तीन महिने. म्हणून ठरावातच «मंजूर केंद्रीय हिश्श्याव्यतिरिक्तचा सर्व खर्च, निविदा दरातील फरक व वस्तू आणि सेवा करासह, महानगरपालिका उचलेल» असं वाक्य घ्या. जमिनीची किंमत हिश्श्यात धरायचा मोह टाळा. बहुतेक योजनांत जमीन विनामूल्य, बोजारहित द्यायचीच असते.

कराचं विशेष लिहितो. जुलै २०२२ पासून स्थानिक संस्थांच्या बांधकाम कंत्राटांवर १८ टक्के लागतो. जुन्या अंदाजपत्रकाची नक्कल केली की तिथे १२ राहून जातात. १० कोटींच्या कामात ६० लाखांची तफावत. दरसूचीही चालू वर्षाची हवी आणि तिचं वर्ष गोषवाऱ्याच्या मथळ्यावरच लिहा.

मान्यतांचा क्रम: आधी तांत्रिक मान्यता, मग परिवहन समिती व महासभेचा ठराव, मग आयुक्तांच्या सहीने प्रस्ताव नगर विकास विभागाला, तिथून राज्यस्तरीय सुकाणू समिती, आणि तिच्या शिफारशीने दिल्लीत गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालयाच्या मंजुरी समितीकडे. प्रशासक असतील तेव्हा समिती आणि महासभेचे अधिकार त्यांच्याकडे असतात, पण ठराव मात्र लागतोच, नुसती टिपणीवरची सही चालत नाही. ठरावाचा क्रमांक आणि विषय वेगवेगळ्या कागदांवर एकच आहे ना ते ताडून पाहा. एका ठिकाणी «डेपो विकसित करणे», दुसऱ्या ठिकाणी «चार्जिंग स्टेशन उभारणे» असं असलं की त्रुटी निघते.

आणखी दोन दाखले लोक विसरतात. हेच काम दुसऱ्या कुठल्या योजनेतून मंजूर किंवा प्रस्तावित नाही, असा एक. काम सुरू झालेलं नाही, असा दुसरा. मंजुरीआधी कुंपणभिंतीचं काम पालिकेच्या पैशाने उरकून घेतलं असेल तर तेवढा भाग अंदाजपत्रकातून वगळा. भूखंडाच्या फोटोत भिंत दिसते आणि अंदाजपत्रकातही भिंत आहे, एवढ्यावर नस्ती (फाइल) परत येते.

---

बावीस_केव्ही

तिसऱ्या प्रश्नावर.

विजेच्या अंदाजपत्रकाचे तीन तुकडे करा आणि प्रत्येकाचं मथळ्यात नाव लिहा: (अ) वीज कंपनीच्या उपकेंद्रापासून तुमच्या मीटरपर्यंतची केबल, (ब) मीटरच्या आतली व्यवस्था, म्हणजे उच्चदाब पॅनल, ट्रान्सफॉर्मर, कमीदाब पॅनल, केबल ट्रेंच, अर्थिंग, (क) चार्जर. केंद्राचे १०० टक्के आहेत ते मीटरच्या आतल्या व्यवस्थेचे. चार्जर किलोमीटर दराच्या कंत्राटात ठेकेदाराने आणायचे असतात. सल्लागारांच्या अहवालात चार्जर हमखास घुसलेले असतात आणि मग एकच खर्च दोनदा मागितल्यासारखा दिसतो. मार्गदर्शक सूचनेतली व्याख्या शब्दशः गोषवाऱ्याच्या वर टाका आणि प्रत्येक बाबीसमोर ती व्याख्येच्या कोणत्या शब्दात बसते ते लिहा. छाननीवाल्याचं काम हलकं होतं.

भार किती मागायचा, इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. तुमच्या ५० बसचा हिशोब करून दाखवतो. ९ मीटरची वातानुकूलित बस चार्जिंगमधली घट धरून किमीला साधारण १ युनिट. रोज २०० किमी, म्हणजे बसला २००, एकूण १०,००० युनिट. सगळं रात्री ११ ते पहाटे ५ या सहा तासांत भरायचं म्हटलं तर सरासरी १,६६७ किलोवॅट. दुपारच्या कमी गर्दीत ३० टक्के भरून घेतलं तर रात्री ७,००० युनिट, सरासरी १,१७० किलोवॅट. २४० किलोवॅटचे दोन गनवाले (बसला जोडायच्या दोन वायरींचे) ८ चार्जर घेतले तर १६ गन, एकत्र कमाल १,९२० किलोवॅट. वॉशिंग, वर्कशॉप, दिवे यांचे १०० धरा. साधारण २,०६० केव्हीए (वीज कंपनी भार मोजते ते एकक).

«५० बस म्हणून ५० गन» असा हिशोब केलेले प्रस्ताव येतात. त्यांना ६ मेगावॅट लागतात, वीज कंपनी नवीन उपकेंद्राची जागा मागते आणि प्रकल्प तिथेच बसतो. उलट बाजूने, रात्रीच्या सरासरीवर करारित मागणी (वीज कंपनीशी ठरलेला कमाल भार) ठरवली की पहिल्याच महिन्यात ती ओलांडली जाते आणि दंड बसतो.

ट्रान्सफॉर्मर १,२५० केव्हीएचे दोन घ्या, २,५०० चा एक नको. दोन्ही चालू असताना कमाल भाराला सुमारे ८२ टक्क्यांवर चालतात. एक बंद पडला तर उरलेल्या एकावर रात्रीचं सरासरी चार्जिंग जेमतेम निघतं, पण सकाळी बस निघतात. एकच मोठा घेतला आणि तो गेला तर ५० बस उभ्या. हे कारण अहवालात लिहा, नाहीतर «दोन कशाला» म्हणून खर्च कापला जातो.

वीज कंपनीचं मागणीपत्रक (जोडणीसाठी किती रक्कम भरायची ते पत्र) जोडल्याशिवाय (अ) चा खर्च कोणी मानत नाही. अर्ज आता करा, प्रस्तावाबरोबर नाही. ठाणे आणि नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी महावितरण, आणि उच्चदाब जाळं बरंचसं २२ केव्हीचं आहे. ११ केव्हीचे पॅनल धरून अंदाजपत्रक केलं असेल तर दुरुस्त करा. डेपो कळवा-मुंब्रा-शीळ भागात असेल तर तिथे मार्च २०२० पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी आहे, अर्ज त्यांच्याकडे. केबल कुठल्या रस्त्याखालून जाणार ते मागणीपत्रकाआधी चालत जाऊन पाहा. मध्ये सिडकोची हद्द, एमआयडीसीचा रस्ता किंवा रेल्वे आली की प्रत्येकाची खोदाईची परवानगी आणि पुनर्स्थापना शुल्क वेगळं. रेल्वे ओलांडायची असेल तर वेळापत्रकात सहा महिने जादा धरा.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. नवी मुंबईचे खालच्या पातळीवरचे नोड (वसाहती) पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावांवर चालतात. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की पाणी आत तुंबतं. पॅनल रूमच्या जोत्याची उंची आसपासच्या रस्त्यापासून नव्हे, तिथल्या नोंदलेल्या सर्वांत वरच्या पाणीपातळीपासून मोजा. ती पातळी पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून लेखी घ्या. केबल ट्रेंचला उतार आणि पंपाचा खड्डा द्या. हे अंदाजपत्रकात नसेल तर नंतर आकस्मिक खर्चातून करावं लागतं, आणि तो अग्राह्य असतो.

---

डेपो_नियोजन

तिघांचे खूप आभार. आमच्या ५० बस मंजूर संख्येतल्याच आहेत, ते आज मंजुरीपत्र काढून पाहिलं. म्हणजे बसची ४५ पानं जातील.

तीन गोष्टी राहतात. एक: भूखंड सिडकोच्या जमिनीवर आहे, ताबा मिळालाय पण भाडेपट्टा नोंदलेला नाही. एका बाजूला खारफुटी आहे. दोन: हाच डेपो हवा स्वच्छतेच्या निधीतून करावा असंही एक मत आहे. तीन: पहिला हप्ता मिळाल्यावर दुसरा का अडतो, ते आधीच समजून घ्यायचंय.

---

किमी_दर

खारफुटीचं आधी, कारण तिथे जागाच अडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार खारफुटीच्या कडेने ५० मीटर पट्टा मोकळा सोडावा लागतो. तुमच्या दोन एकरांतून हा पट्टा वजा केला की काय उरतं ते मोजणी नकाशावर आखा. पार्किंग, फिरण्याची जागा, वॉशिंग, वर्कशॉप, पॅनल रूम मिळून बसमागे १५० चौरस मीटर धरले तर ५० बसना ७,५०० लागतात. दोन एकर म्हणजे ८,०९४. भूखंडाची खाडीकडची बाजू ८० मीटर असेल आणि खारफुटी अगदी हद्दीला टेकलेली असेल तर ४,००० चौरस मीटर त्या पट्ट्यातच गेले. मग इथे ५० बस मावत नाहीत. हे आता कळलेलं बरं. सागरी किनारा क्षेत्राचा नकाशा, वन विभागाचं पत्र, आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात जागा येते का, हे तिन्ही कागद प्रस्तावाआधी हातात हवेत. ठाण्यात येऊरच्या पायथ्याला जागा असेल तर तोच प्रश्न राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने येतो.

हवा निधीबद्दल. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दहा लाखांवर लोकसंख्येच्या नागरी समूहांना हवेच्या गुणवत्तेसाठी १२,१३९ कोटी ठेवले. ठाण्याच्या इलेक्ट्रिक बसना याच मार्गाने पैसे मिळाले, म्हणून ते मत तुमच्याकडे आलं असणार. पण तो काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचाच. त्यावर नवा डेपो टांगू नका. आणि एकच डेपो दोन ठिकाणी मागितलात की वर «जमाखर्च» यांनी सांगितलेला दाखला खोटा ठरतो.

तरी हवेच्या नावाने कुठेही प्रस्ताव केलात तर कार्बनचा आकडा जपून टाका. ३६.५ लाख किमीला डिझेल बस लिटरला ४ किमी दराने ९.१ लाख लिटर पिते. लिटरमागे २.६८ किलो धरून २,४४५ टन. इलेक्ट्रिक बसना ३६.५ लाख युनिट, आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो, म्हणजे २,५५५ टन. फायदा शून्याच्या आसपास. डिझेलच्या जड वातानुकूलित बस, लिटरला सव्वातीन किमी देणाऱ्या, बदलत असाल तरच फरक दिसतो. सल्लागार नळकांड्यातून निघणारा धूर शून्य म्हणून पूर्ण २,४४५ टन बचत लिहितात आणि पर्यावरणवाला सदस्य ते तिथेच खोडतो. तुमचा खरा मुद्दा रस्त्यावरचे धूलिकण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हा आहे. तो मांडा, आणि कोणत्या क्रमांकाच्या जुन्या बस कोणत्या महिन्यात ताफ्यातून जाणार याची यादी लावा. १५ वर्षांवरच्या सरकारी व पालिका वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होतेच. त्या बस तुमच्या प्रस्तावामुळे जात आहेत असं दाखवू नका. १५ वर्षं भरण्याआधी जाणाऱ्या दाखवा.

---

जमाखर्च

सिडकोचा भूखंड: ताबा पावती पुरत नाही. नोंदलेला भाडेपट्टा, किंवा निदान भाडेपट्टा करारनामा आणि सिडकोचं वापरास हरकत नसल्याचं पत्र, ज्यात «इलेक्ट्रिक बस डेपो व उच्चदाब उपकेंद्र» असा वापर स्पष्ट लिहिलेला हवा. नुसतं «बस डेपो» असेल तर पॅनल रूमच्या बांधकाम परवानगीला अडतं.

आता दुसरा हप्ता. पैसा केंद्राकडून राज्याच्या एकाच नोडल खात्यातून येतो, पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन लेखा प्रणालीवर प्रत्येक खर्च दिसतो. दुसरा हप्ता अडण्याची कारणं मोजकीच आहेत.

एक, उपयोगिता प्रमाणपत्र. त्यात फक्त झालेला खर्च येतो. ठेकेदाराला दिलेली अग्रिम, महावितरणकडे भरलेली अनामत, हे खर्च नव्हेत. अनामत परत मिळणारी असते. ती प्रमाणपत्रात टाकली की लेखाआक्षेप येतो आणि पुढचा हप्ता थांबतो. वित्तीय वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत देणं बंधनकारक आहे, पण तुम्ही ती मुदत पाहू नका. हप्त्याचा ठरलेला भाग खर्च झाला की लगेच द्या. सामान्य वित्तीय नियमांतला नमुना १२-ए की १२-सी, ते योजनेच्या मंजुरी आदेशात असतं. चुकीच्या नमुन्यावरचं प्रमाणपत्र न वाचताच परत येतं.

दोन, हिश्श्याचं प्रमाण. केंद्राचे ६० खर्ची घातले आणि पालिकेचे ४० बिलात दिसत नाहीत. प्रत्येक चालू देयकात दोन्ही हिस्से ६०-४० ने पडले पाहिजेत. «आमचे शेवटी देऊ» चालत नाही.

तीन, व्याज. केंद्राच्या पैशावरचं व्याज परत करायचं असतं. ते डेपोच्या कामात वळवलं तर खर्च अग्राह्य आणि व्याजाची वसुली, दोन्ही होतं. खातं उघडल्याच्या दिवसापासून व्याजाची वेगळी नोंदवही ठेवा.

चार, पीएम ई-बसमध्ये किमीच्या मदतीसाठी राज्याने रिझर्व्ह बँकेला दिलेला थेट वजावटीचा आदेश आणि एस्क्रो खातं (ठेकेदाराच्या देण्यासाठीच राखलेलं खातं). ठेकेदाराचं देणं थकलं तर पैसे राज्याच्या खात्यातून वळते होतात. म्हणूनच वित्त विभाग तुमचा तुटीचा तक्ता बारकाईने पाहतो. वरचे ५.४१ कोटी लपवलेत तर नगर विकास विभाग कदाचित पुढे पाठवेल, वित्त विभाग नाही.

---

थांबा_क्रमांक_१७

निवाऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ते डेपोच्या प्रस्तावातून काढा. जाहिरात हक्काच्या बदल्यात निवारे बांधून देणारी निविदा काढली तर मोठ्या रस्त्यांवरचे २५-३० निघतील. वाशी, ऐरोली, घोडबंदर अशा ठिकाणी जाहिरातदार मिळतात. गावठाण आणि आतल्या रस्त्यांवरच्यांना कोणी बोली लावत नाही. ते १०-१२ आमदार स्थानिक विकास निधी किंवा जिल्हा नियोजन समितीकडे मागा.

जिल्हा नियोजनात मार्चअखेर निधी व्यपगत होतो, त्यामुळे प्रत्येक थांब्याचं स्वतंत्र अंदाजपत्रक, जागेचा फोटो आणि पदपथाची उरणारी रुंदी डिसेंबरपर्यंत तयार ठेवा. निवारा उभारल्यावर चालायला किमान १.८ मीटर राहिले पाहिजेत. गटाराच्या झाकणावर खांब येतोय का ते जागेवर पाहा, नकाशात झाकण दिसत नाही. मोठ्या रस्त्यांवरचे आणि आतले थांबे एकाच निविदेत टाकून दर काढू नका, बोलीदार आतल्यांचा खर्च बाहेरच्यांवर चढवतो आणि शेवटी आतले बांधतच नाही.

---

बावीस_केव्ही

भाडेपट्ट्यावरून आठवलं. वीज जोडणीचा अर्जही भूखंडाच्या मालकी किंवा भाडेपट्ट्याच्या कागदावरच नोंदला जातो, आणि अर्जदाराचं नाव मंजुरीपत्रातल्या नावासारखंच हवं. अर्ज परिवहन व्यवस्थापकाच्या नावाने, भाडेपट्टा आयुक्तांच्या नावाने आणि मंजुरी महापालिकेच्या नावाने असेल तर मागणीपत्रकावर चौथंच नाव छापून येतं. तिन्ही ठिकाणी महापालिका आणि पुढे «मार्फत परिवहन व्यवस्थापक» असं एकसारखं घ्या. सिडकोकडे भाडेपट्ट्याचा मसुदा जाईल तेव्हाच हे नाव तपासा, नोंदणी झाल्यावर दुरुस्ती दस्त करावा लागतो.

---

डेपो_नियोजन

मसुद्यात नाव आयुक्तांचंच आहे. उद्या बदलून देते. खारफुटीचा ५० मीटर पट्टा आखायला मोजणीदाराला सोमवारी बोलावलंय. क्षेत्रफळ आलं की किती बस मावतात तो तक्ता इथे टाकते, त्यावरून चार्जर आणि ट्रान्सफॉर्मरचा हिशोब पुन्हा पाहून द्याल का?

---

बावीस_केव्ही

टाका. क्षेत्रफळाबरोबर जवळच्या उपकेंद्राचं नाव आणि तिथपर्यंतचं रस्त्याने अंतरही लिहा, केबलचा आकार त्यावरून ठरवू.